गच्चीवरची रांग

नववीत होतो. 1992च्या नोव्हेंबरात विज्ञानाच्या सरांनी आमच्या शाळेच्या गच्चीवर आम्हाला शनी दाखवला. दुर्बीण त्यांची स्वतःची. शंभर पटीने पाहायचं तर आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसतो, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ग्रह दोन मिनिटांत त्याबाहेर जातो. त्यामुळे दर चार मुलांमागे सर वाकायचे, नॉब फिरवून शनी मध्यावर आणायचे आणि लगेच बाजूला व्हायचे. मी रांगेत शेवटचा. माझा नंबर येईतो शनी समोरच्या इमारतीआड गेला. "उद्या तू पहिला," सर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खरंच मला पहिलं उभं केलं.

पुढे दुर्बिणीची जुनी विषुववृत्तीय बैठक हाती आली, तेव्हा तिला मोटर बसवायचीच हे ठरलेलं होतं. या बैठकीचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, ठाण्यात क्षितिजापासून साधारण 19 अंशांवर. तो 23 तास 56 मिनिटांत एक फेरी या वेगाने पश्चिमेकडे फिरत राहिला की ग्रह जागचा हलत नाही. हा अक्ष फिरवणाऱ्या माझ्या वर्म गिअरला 144 दाते; वर्म, म्हणजे आट्यांचा दांडा, एकदा फिरला की एक दाता पुढे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्टेपर मोटर आणली, एका फेरीत 200 स्टेप म्हणजे टप्पे घेणारी. थेट जोडली, तर एक स्टेप पडली 45 विकलांची (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). गुरूचं बिंबही जवळपास तेवढंच! दर तीन सेकंदांनी गुरू स्वतःच्या रुंदीएवढी उडी घ्यायचा. मग 20 आणि 60 दात्यांच्या पुली, मध्ये दातेरी पट्टा, आणि ड्रायव्हरमधून, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटमधून, एका स्टेपचे सोळा भाग. उडी एका विकलेच्या आत आली. ठाण्याच्या हवेत तारा त्याहून जास्त थरथरतो.

मोटर धरणारी पट्टी ॲल्युमिनियमच्या अँगलमधून कापली. कानस पुढे नेताना दाबायची, मागे आणताना उचलायची, हे कार्यानुभवाच्या बाईंनी हात धरून शिकवलेलं. पट्टा ताणता यावा म्हणून स्क्रूची भोकं कानशीनेच लांबट केली.

गेल्या हिवाळ्यात सरांना घरी आणलं. आयपीसला डोळा लावताच त्यांचा हात सवयीने नॉबकडे गेला.

"सर, राहू द्या. मोटर आहे."

वीस मिनिटं सर खुर्चीतून उठले नाहीत. मग म्हणाले, "पट्ट्याला ताण कसा देतोस रे?"

टॉर्च लावून मी त्यांना ती लांबट भोकं दाखवली.