घुमट आरती मेलच्या मजकुरात: तिसरा आठवडा

अटॅचमेंटचं बटण न दाबता ध्वनीफाइल मेलच्या मजकुरातूनच पाठवायची, हा खेळ अजून चालूच आहे. या आठवड्यात यूयूएनकोड (कुठलीही फाइल साध्या अक्षरांत बदलायची पद्धत) चाललं. म्हणजे आधी बोंबललं, मग चाललं.

1980 साली बर्कलीत मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी काढलेली ही युक्ती. तीन बाइट घ्यायचे, त्या 24 बिटांचे सहा-सहाचे चार तुकडे करायचे, प्रत्येकात 32 मिळवायचे. झाला छापता येणाऱ्या अक्षराचा कोड. ओळीचं पहिलं अक्षर त्या ओळीत किती बाइट आहेत ते सांगतं. 45 बाइटची भरलेली ओळ 'एम'ने सुरू होते.

फाइल म्हणजे गेल्या चवथीला फोंड्याच्या घरी फोनवर टिपलेली घुमट (मातीचं तालवाद्य) आरती: 10 सेकंद, 8000 हर्ट्झ, मोनो, 16 बिट. 44 बाइटचा हेडर (सुरुवातीचा माहितीचा तुकडा) धरून 1,60,044 बाइट. एनकोड झाल्यावर 220 केबीच्या आसपास. म्हापशाच्या मित्राला पाठवली. लगेच त्याचा फोन, "अरे, घुमट खंय? हांगा नुसते एम!"

बघतो तर सुरुवातीच्या सातशेहून जास्त ओळींत एकेकटा एम. आरतीआधीची दोन सेकंदांची शांतता मीच एडिटरमध्ये भरली होती. शांतता म्हणजे निव्वळ शून्यं, शून्यात 32 मिळवले की स्पेस, आणि ओळीच्या टोकाच्या स्पेस वाटेतल्या कुठल्यातरी प्रोग्रामने झाडून टाकलेल्या.

पण हरवलं काहीच नव्हतं! एम म्हणतो 45 बाइट, म्हणजे पुढे 60 अक्षरं हवीत. कमी पडतील तिथे स्पेस भरायच्या. पायथनमध्ये एक 'एलजस्ट' (ओळ ठरावीक लांबीपर्यंत स्पेसने भरणारा) वाढवला, फाइल तीच आहे का ते सांगणारा एमडी5 आकडा जुळला. (यूयूएनकोडमध्ये असा पडताळणीचा आकडा, म्हणजे चेकसम, नसतो, म्हणून तो वेगळा पाठवतो.) एनकोडरही सुधारला: शून्याला आता स्पेसऐवजी बॅकटिक (`). त्याचा कोड 96. 32 वजा करून खालचे सहा बिट घेतले की पुन्हा शून्यच.

बाजूला बेस64, अशीच दुसरी पद्धत, सुरू केलंय. 'गोवा' घालून बघितलं. ग, ओकार, व, काना, यूटीएफ-8मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) प्रत्येकी तीन बाइट, म्हणून प्रत्येकाची नेमकी चार अक्षरं, आणि चारही वेळा सुरुवात '4के'नेच. मधे स्पेस आली की, ती एकाच बाइटची असल्याने, ही रांग मोडते.

मित्राला आता चार मिनिटांची अख्खी आरती हवी आहे. यूयूएनकोडमध्ये ती 53 लाख अक्षरांच्या घरात जाते. तूर्त एका कडव्यावर भागव म्हटलंय.