दाजींचा आय-सेवन आणि मेहुण्याचा आय-फाइव्ह

मे महिन्यात, भर दुपारी परभणीत कोणी कॉम्प्युटरच्या दुकानात आलं तर समजायचं, एकतर काम अडलंय नाहीतर भांडण लागलंय. त्या दिवशी दोन्ही एकदमच आलं.

दाजी-मेहुणे. लग्नाच्या शूटिंगचा भागीदारीत धंदा. दाजी कॅमेरा धरतात, मेहुणा मानवतला बसून एडिटिंग करतो. दोघांच्या काखेत एकेक जुना घेतलेला लॅपटॉप. मेहुण्याला कोणीतरी सांगितलं होतं की त्याचाच लॅपटॉप जास्त फास्ट आहे, आणि दाजींना ते पचत नव्हतं.

"पाच हजार जास्त मोजून आय-सेवन घेतला मी. ह्याचा आय-फाइव्ह. सात मोठं का पाच, तुम्हीच सांगा."

स्टिकरवरचा तो आकडा लॅपटॉपच्या प्रोसेसरचा, आणि तो फक्त प्रोसेसरच्या एकाच पिढीत कोण वर, कोण खाली एवढंच सांगतो. पिढी बदलली की हिशोब बदलतो. प्रोसेसरची कुंडली दाखवणारं सीपीयू-झेड लावून बघितलं. दाजींचा ७५००यू, २०१६ चा: दोन कोर, म्हणजे काम करणारे दोन मेंदू, चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी चार कामं, मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ. मेहुण्याचा ८२५०यू, २०१७ चा: चार कोर, आठ थ्रेड, मूळ वेग १.६. कागदावर दोघांचीही मर्यादा १५ वॅट. दाजींनी बरोबर २.७ वर बोट ठेवलं. मी म्हटलं, जोर लावायची वेळ आली की तुमचा ३.५ पर्यंत जातो आणि ह्याचा ३.४ पर्यंत, म्हणजे तिथं फरक नावालाच. व्हिडिओ एन्कोडिंगचं, म्हणजे क्लिप दाबून फाइल बनवायचं काम सगळ्या कोरांत वाटलं जातं, तिथं चार कोर दोन कोरांना भारी पडतात.

"लावून दाखवा," दाजी म्हणाले.

दोन्हीकडे वरातीची एकच क्लिप टाकली. एन्कोडिंगचा प्रोग्राम हँडब्रेक, त्यात सगळं काम प्रोसेसरकडून करून घेणारी एक्स-२६४ पद्धत, सेटिंग तीच, दोन्ही चार्जरवर. ग्राफिक्सकडून काम करून घेणारं क्विक सिंक मुद्दाम बंद ठेवलं, नाहीतर प्रोसेसरची परीक्षाच होत नाही. सुरुवातीला मेहुण्याचा सुसाट निघाला. मग त्याची टक्केवारी रेंगाळायला लागली, आणि दाजींचा शांतपणे पुढं जाऊन आधी संपलादेखील. दाजींनी लगेच चहा सांगितला, मेहुण्याच्या नावावर.

मेहुणा पार पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "भाऊ, पहिले असं नव्हतं. आता कामून एवढं हळू चालू लालंय?"

आतलं तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यू-इन्फो उघडलं. तापमान ९८ अंश, वेग एक गिगाहर्ट्झच्याही खाली आणि थर्मल थ्रॉटलिंगपुढे लाल अक्षरांत 'येस'. ह्या दोन्ही चिपांची मर्यादा १०० अंश. तिथं पोचायच्या बेतात आल्या की जळू नये म्हणून त्या आपणच वेग उतरवतात. पंखा तर किंचाळत होता, पण जाळीसमोर हात धरला तर वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही.

मागचं झाकण काढलं, पंखा उचलला. पंख्याचं तोंड आणि तांब्याच्या बारीक पत्र्या, ह्यांच्यामध्ये नमद्यासारखा एक पांढुरका थर बसलेला. चिमट्यानं ओढला तर अख्खी पट्टी एकसंध बाहेर आली. साधी धूळ अशी निघत नाही, ती भुगा होऊन पडते. बोटांत चोळून बघितलं, कापूस.

"तुझी खोली कुठं आहे रे?"

"जिनिंगच्या भिंतीला लागून."

दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत सरकीपासून रुई वेगळी होते, तिचे तंतू हवेत उडत राहतात आणि लॅपटॉपचा पंखा ते इमानदारीत आत ओढतो. चिपची उष्णता तांब्याकडे पोचवणारी थर्मल पेस्टही वाळून पापुद्रे सुटले होते. पुसून नवी लावली. इंटरनेटवरच्या बहुतेक चाचण्या एसीतल्या खोलीत झालेल्या असतात. आमच्याकडे बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आत कूलर नुसता घरघरतो. खोली जितके अंश जास्त तापलेली, चिपही साधारण तितकीच जास्त तापते. त्या तक्त्यांतले आकडे परभणीत मे महिन्यात जसेच्या तसे येतील, असं मी तरी धरत नाही.

पुन्हा तीच क्लिप. आता मेहुण्याचा ऐंशी अंशांच्या घरात टिकला आणि दाजींच्या दोन-तृतीयांश वेळात मोकळा झाला. दाजी म्हणाले, "मग माझाही खोला." मागणी रास्त होती. त्यांच्यात थोडी धूळ निघाली, वेळेत फरक किरकोळ पडला.

मेहुणा हसायला लागला तसं दाजींनी विचारलं, "मगाशी तुम्ही ते काय बंद केलं होतं?"

माणूस कॅमेऱ्याचा, नजर बारीक. क्विक सिंक चालू केलं. दोन्ही चिपांतलं ग्राफिक्स जवळपास सारखंच, एकात एचडी ६२०, दुसऱ्यात यूएचडी ६२०. दोन्ही क्लिपा आधीपेक्षा कितीतरी लवकर आणि मागेपुढेच संपल्या. मेहुण्याचं हसू आवरलं. मी सांगितलं, ह्या रीतीनं त्याच साइझच्या फाइलीत चित्र थोडं उतरतं. पाहुण्यांना पेनड्राइव्हवर द्यायला चालतं, मुख्य फिल्मला एक्स-२६४च ठेवा. म्हणजे मुख्य काम मेहुण्याच्या लॅपटॉपवर आणि वाटपाचं दाजींच्या, असं त्यांचं तिथंच ठरलं.

दोन्ही सफाईचे पैसे दाजींनीच दिले. चपला घालता घालता मेहुण्याला म्हणाले, "घरी गेल्याबरोबर पहिले ते टेबल खिडकीपासून हलव."