नकार द्या, पण त्रुटी काढू नका

बांधकाम परवानगीची फाइल अडली की लोक लगेच म्हणतात, पैशासाठी अडवली. कधी ते खरंही असतं. पण लोकांचे नकाशे करून परवानग्या मिळवून देण्याच्या माझ्या कामात नुकतीच हातावेगळी केलेली एक फाइल अजून डोक्यातून जात नाही, कारण तिच्यात कुणी एक रुपया मागितला नाही. ती कायद्याच्याच आधाराने लटकली.

प्लॉट साधा. मंजूर लेआउटमधला, एका निवृत्त शिक्षकांचा, तळमजला अधिक एक मजला. खरेदीखतात 3 गुंठे, म्हणजे सुमारे 303.5 चौ. मी. सातबाऱ्यावर 3 आर, म्हणजे 300. सरकारी मोजणी नकाशावर, म्हणजे ‘क’ प्रतीवर, 294. तीन कागदांवर तीन आकडे यात नवल काही नाही, आणि 3 डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या यूडीसीपीआरने, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीने, त्याचं उत्तर क्षेत्राच्या तक्त्यात सुरुवातीलाच दिलंय: मालकीचा कागद, मोजणी नकाशा आणि प्रत्यक्ष जागा, यात जे कमी ते धरायचं. म्हणून नकाशात 294 धरले. कमी झालेल्या 6 चौ. मी.वर 1.1 चा मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) धरला तर 6.6 जातात, त्यावर अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळणारं 60 टक्के अनुषंगिक (जोडीचं) बांधकाम क्षेत्र मोजलं तर साडेदहा. एक लहान खोली. गुरुजींनी ती कुरकुरत का होईना, सोडली.

ऑनलाइन नकाशा चढवताना काय बिघडतं, ते बाहेरच्यांना कळत नाही. संगणक नकाशा बघत नाही, लेयरची, म्हणजे रेषा ज्या थरांवर काढतात त्यांची, नावं वाचतो. प्लॉटची हद्द एका सलग बंद रेषेत (पॉलिलाइन) हवी. शेवटचा बिंदू डोळ्यांच्या अंदाजाने जुळवला आणि केसाएवढी फट राहिली, तर क्षेत्रच निघत नाही आणि छाननी अहवाल नापास. छज्जा चुकून बाल्कनीच्या लेयरवर पडला की एफएसआयमध्ये मोजला जातो. रस्ता जागेवर 7.5 मीटर आणि विकास योजनेत 9 मीटर, म्हणून आमच्या बाजूची पाऊण मीटर पट्टी वेगळ्या लेयरवर दाखवली. 12 मीटर दर्शनी रुंदीला ती 9 चौ. मी. भरली. पुढचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, त्या नव्या रेषेपासून मोजलं. अहवाल स्वच्छ आला.

मग माणसांची छाननी सुरू झाली. पहिलं त्रुटीपत्र: ‘सातबारा व मोजणी क्षेत्रात तफावत आहे, खुलासा करावा.’ खुलासा तक्त्यातच होता. पूर्तता दिली. दुसरं: ‘मंजूर लेआउटची साक्षांकित प्रत जोडावी.’ हा लेआउट मंजूर केला त्याच नगरपरिषदेने, मूळ नकाशा तिच्याच अभिलेख कक्षात. म्हणजे कार्यालयाचा कागद मिळवायला कार्यालयात नकलेचा अर्ज करायचा, शुल्क भरायचं आणि तो कागद पुन्हा त्याच कार्यालयाला सादर करायचा. नकाशा सापडला तो भलत्याच सर्व्हे नंबरच्या बस्त्यात, घड्यांवर फाटलेला. तिसरं: स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला विहित नमुन्यात नाही. नमुना बरोबर होता, आणि पहिल्या दोन पत्रांच्या वेळी तर त्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

गुरुजींनी विचारलं, “साहेब, 60 दिवस उलटले की परवानगी मिळाली असंच समजायचं ना?” हा गैरसमज गावोगाव आहे. 1966 च्या नगररचना अधिनियमाचं कलम 45(5) 60 दिवस देतं खरं, पण अर्जाच्या तारखेपासून किंवा मागितलेल्या माहितीचं उत्तर मिळाल्यापासून, यातली जी तारीख नंतरची तिच्यापासून. प्रत्येक त्रुटीपत्रागणिक घड्याळ शून्यावर. शिवाय मानीव परवानगी टिकते ती प्रस्ताव नियमांत काटेकोर बसत असेल तरच. सामासिक अंतरात थोडी जरी चूक निघाली तर बांधकाम अनधिकृत ठरतं. आणि गुरुजींच्या बँकेला तर शिक्क्याचा नकाशाच हवा होता.

नकार आला असता तर बरं झालं असतं, हे मी त्यांना समजावत होतो आणि ते माझ्याकडे संशयाने बघत होते. पण नकाराला कलम 45(3) प्रमाणे कारणं द्यावी लागतात आणि तो मिळाल्यापासून 40 दिवसांत कलम 47 खाली शासनाकडे अपील करता येतं. त्रुटीपत्रावर अपील नाही. म्हणूनच कुणी नकार देत नाही. लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद निघतो तो दिलेल्या परवानगीवर. न दिलेल्या परवानगीबद्दल कुणी जाब विचारत नाही. फाइल तपासणारे इथले रचना सहायक दोन गावांचा कार्यभार सांभाळतात, त्यांच्या जागी मीही सही टाळली असती की काय, सांगता येत नाही. मात्र जागेवर न जाता नकाशांवर सह्या ठोकणारे आमचेच काही व्यवसायबंधू आहेत, त्यांच्यामुळे प्रत्येक फाइलकडे वाकड्या नजरेनं पाहिलं जातं, हेही खरं.

शेवटी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एक पानी पत्र दिलं, आवक क्रमांक टाकून घेतला. त्यात तक्ता: त्रुटी, तिची तारीख, तो मुद्दा मूळ अर्जात कोणत्या पानावर होता. खाली नियमावलीतली तरतूद: पूर्तता करून फेरसादर केलेल्या प्रस्तावावर सर्वसाधारणपणे नव्या हरकती काढायच्या नाहीत, काढायच्याच तर कारण नमूद करायचं. आणि विनंती: आणखी त्रुटी असल्यास सकारण नकारच द्यावा. उत्तर म्हणून विकास शुल्काचं आणि कामगार उपकराचं चलन आलं. ते भरल्यावर परवानगी सुटली, रस्तारुंदीची पट्टी विनामूल्य हस्तांतरित करण्याच्या अटीवर.

हे पत्र मी आधीच दिलं असतं तर, असं गुरुजी म्हणतात. मला ते पटत नाही. पहिल्याच त्रुटीवर दिलं असतं तर त्या तक्त्यात एकच ओळ असती, आणि एका ओळीला कुणी घाबरत नाही. पण तीन त्रुटी साचेपर्यंत ज्याला घरभाडं भरणं परवडत नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. लेआउटच्या साक्षांकित प्रती मात्र जास्तीच्या काढून ठेवल्यात. त्याच लेआउटमधले आणखी दोघे विचारून गेलेत.