नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

बॅटरी सारखी उतरतेय म्हटलं की लगेच सल्ला येतो, ‘नवीन टाकून घ्या.’ या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. दोष कुठे आहे हे न बघता नवी बॅटरी टाकली, तर महिन्याभरात तीही आडवी होते.

माझी गाडी शुक्रवारी संध्याकाळी लावली की सोमवारी सकाळी सेल्फ घ्यायची नाही. नुसती टक टक. रोज चालवली तर मात्र बिनतक्रार सुरू व्हायची. या फरकातच अर्धं उत्तर होतं.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली, केबल काढून रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी मीटर, म्हणजे व्होल्ट आणि करंट मोजणारा मल्टिमीटर, लावला: 12.6 व्होल्ट. 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी, त्यामुळे 12.6 उत्तमच. गाडी बंद केल्याकेल्या मात्र मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो. सेल्फ मारतानाही व्होल्टेज 10 च्या खाली गेलं नाही. ते 9.6 च्याही खाली कोसळलं असतं, तर बॅटरीवर संशय घेतला असता. इंजिन चालू असताना 14.2, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटरही त्याचं काम करत होता.

उरली एकच शक्यता: बंद गाडीत कोणीतरी करंट खातंय.

निगेटिव्ह केबल सोडली आणि केबल नि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला, लाल वायर 10 ॲम्पिअरच्या खाचेत. अशा वेळी चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने आधीच दाबून ठेवलं होतं, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. सुरुवातीला आकडा मोठा दिसतो, कारण गाडीतले कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, जागे असतात. त्यांना झोपायला अर्धा तास द्या. इथे बरेच जण घाई करतात आणि नसता दोष शोधत बसतात. शेवटी 50 मिलिॲम्पिअर किंवा त्याहून कमी दिसलं तर ठीक. माझा काटा 430 वरून हलेना.

मग फ्यूज उपटत बसलो नाही. फ्यूज काढून परत लावला की झोपलेला कंट्रोलर पुन्हा जागा होतो. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना टेकवायचा. शून्य आलं तर त्यातून करंट जात नाही. आतल्या दिव्यांच्या फ्यूजवर आकडा आला. डिकीत मोबाइलचा कॅमेरा चालू करून झाकण लावलं आणि मग व्हिडिओ पाहिला. डिकी बंद, दिवा चालू! लॅचमधला स्विच अडकला होता.

एवढासा 5 वॅटचा बल्ब, पण साधारण 0.4 ॲम्पिअर खातो. साठ तासांत झाले 24 ॲम्पिअर-तास, आणि माझी बॅटरी 45 ची. सोमवारी ती उठणार कशी?

स्विच बदलला, आकडा 30 वर आला. नंतर बॅटरी पुन्हा चार्जरवर सावकाश भरली. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची ताकद कायमची घटते. तेव्हा दोष सापडेपर्यंत गाडी उभी राहणार असेल, तर निगेटिव्ह केबल काढून ठेवा.