समरकंदचा तैमूर आणि बिष्णुपूरची तोफ

टूर मॅनेजरच्या कामात इतिहासाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी खोल्यांची यादी, जैन जेवण, कुणाच्या गुडघ्याला किती पायऱ्या झेपतील, आणि पुढचं स्वच्छतागृह कुठे आहे. उझबेकिस्तानात ताश्कंदहून समरकंदला जाणारी अफ्रासियाब गाडी मिनिटाचाही उशीर करत नाही, त्यामुळे स्टेशनवर सगळ्यांचे पासपोर्ट हातात काढून ठेवण्यातच माझी निम्मी सकाळ जाते. तरीही माझं मत आहे की सहल खरी उभी राहते ती स्थानिक गाइडवर. आपले लोक मात्र गाइडचं बोलणं चालू असताना सेल्फी काढतात, याचा मला मनापासून राग येतो.

त्या दिवशीची गाइड पंचविशीतली मुलगी होती. हिंदी ताश्कंदला शिकलेली, उच्चार अगदी स्वच्छ. गूर-ए-अमीरमध्ये, म्हणजे मध्य आशियाचा जेता तैमूर याच्या मकबऱ्यात, शिरलं की नजर आधी सोनेरी घुमटाकडे जाते. मग खाली एक दगड दिसतो. जेडचा, इतका गडद हिरवा की काळाच वाटावा. आजूबाजूचे दगड फिकट, आणि हा एकटाच असा, त्यातही आरपार तडा गेलेला. खरी कबर त्याखाली तळघरात आहे. जून 1941 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ती उघडली, तेव्हा तैमूरचा उजवा पाय खरोखरच अधू होता हे हाडांवरून कळलं. तो आपल्या गुरूच्या पायाशी पुरलेला आहे. जवळच नातू उलुगबेग, हजाराहून जास्त ताऱ्यांची सूची करणारा. मुलगी हे सगळं जीव ओतून सांगत होती. शेवटी म्हणाली, “अमीर तैमूर हमारे हीरो हैं।”

आमच्यात नागपूरचे एक काका होते, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे विचारलं, “बेटी, 1398 में दिल्ली में क्या हुआ था, वो भी बताओ ना।”

अशा वेळी ग्रुप फोटोची घाई करायची आणि विषय तोडायचा, असं आम्हाला ऑफिसात शिकवतात. मी तसं केलं नाही. पाहुणे पैसे मोजून इतक्या लांब येतात. त्यांना खरा प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि त्या मुलीला उत्तर द्यायचाही.

तिला सगळं माहीत होतं. लढाईआधी मारलेले कैदी, मग शहराची लूट आणि कत्तल. ती म्हणाली, आईच्या शाळेत, सोव्हिएत काळात, तैमूर म्हणजे जुलमी लुटारू असंच शिकवायचे. 1991 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि 1993 मध्ये ताश्कंदच्या चौकात, जिथे पूर्वी मार्क्स होता, तिथे घोड्यावरचा तैमूर उभा राहिला. “हमें कोई अपना चाहिए था, दादाजी।”

काका म्हणाले, “तो फिर उलुगबेग को लो। वो भी तो तुम्हारा ही है।”

ती म्हणाली, “उलुगबेग को उसके बेटे ने ही मरवाया। तारे गिननेवाला राज नहीं बचा सका।”

या उत्तराने मी आजही अडतो. नवं राष्ट्र बलवानाकडेच का वळतं, हे त्या एका वाक्यात कळतं. पण पटत नाही. दुपारी बीबी खानम मशिदीत गेलो. दिल्लीहून परतल्यावर 1399 मध्ये तैमूरने ती बांधायला घेतली. हिंदुस्थानातून नेलेले पाथरवट इथे राबत होते, असं त्याच्याच वंशातल्या बाबराने लिहून ठेवलंय. ती कमान बघताना मान दुखते. तिच्याखाली काका आणि ती मुलगी बराच वेळ बोलत उभे होते. मी त्या पाथरवटांचा विचार करत होतो. त्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही.

माझं मत सांगतो. तैमूर असामान्य सेनानी होता, समरकंदचं वैभव त्याचंच. पण एक लाख कैदी मारल्याचा आकडा शत्रूंनी उठवलेला नाही. तो त्याचा गौरव करणाऱ्या इतिहासकारांनी दिलाय. मारलेल्यांचा आकडा ज्याच्या कौतुकात मोजला जातो, त्याला मी नायक म्हणणार नाही.

आणि हेच माप घरीही लावायला हवं. बंगालमधल्या बिष्णुपूरला मी मराठी ग्रुप नेतो. तिथे दलमादल नावाची प्रचंड लोखंडी तोफ आहे. 1742 मध्ये भास्करपंतांची फौज चालून आली, तेव्हा खुद्द मदनमोहन देवाने ती डागून शहर वाचवलं, अशी तिथली श्रद्धा. ते आक्रमक म्हणजे आपणच, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे बारगीर, म्हणजे घोडेस्वार. बंगालमध्ये आजही बाळाला झोपवताना त्यांची भीती गातात. गावं जाळल्याची वर्णनं त्या काळच्या बंगाली काव्यात आहेत. गाइड हे सांगू लागला की आमचे लोक चिडतात, “चौथाई आमचा हक्क होता” म्हणतात. त्या रात्री समरकंदला जेवताना मी काकांना हे सांगितलं. काका नागपूरचे, रघूजींचा अभिमान बाळगणारे. बराच वेळ त्यांनी घास उचलला नाही. मग म्हणाले, “मला एकदा तिथे घेऊन चल.”

परत आल्यावर मी ऑफिसला लेखी कळवलं, की समरकंदच्या माहितीपत्रकात दिल्लीच्या पाथरवटांचा आणि बिष्णुपूरच्या पत्रकात बारगीरांचा उल्लेख करा. उत्तर आलं, लोक सुट्टीवर येतात, त्यांचा मूड घालवू नका. हे मला मान्य नाही. बिष्णुपूरच्या पुढच्या यादीत काकांचं नाव आहे. तोफेपाशी पोचायच्या आधी बसमध्ये मी सगळ्यांना हे सांगणार आहे.