तीर्थनला नाही कळलं ते हिप्परग्याला कळलं

परवा संध्याकाळी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर गेलो होतो. प्रवास म्हणावा एवढं अंतर नाही, तुळजापूर रोडने शहराबाहेर पडलं की आलंच, पण मित्राने नवी काळी गाडी घेतलीय आणि त्याला ती चालवायला निमित्त पाहिजे होतं. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. तलाव जुना, १८७१ सालचा, बांधावर वारा मस्त.

अंधार पडायला लागला आणि मित्र ओरडला, "अबे हे काय बसलंय बे गाडीवर!"

बॉनेटवर बारीक किडे, पंख होडीच्या शिडासारखे उभे, मागे दोन लांब केसांसारख्या शेपट्या. मेफ्लाय! माद्या चक्क बॉनेटला पोट टेकवून अंडी घालत होत्या. चकचकीत काळ्या पृष्ठभागावरून प्रकाश परततो तो ध्रुवीकृत होऊन, म्हणजे त्याच्या लहरी एकाच पातळीत डोलतात, अगदी पाण्यावरून येतो तसाच, म्हणून त्यांना गाडी म्हणजे तळंच वाटतं. मित्राला समजावलं तर तो म्हणे, "मग पुसू का नको ते सांग."

मला मात्र गेल्या मे महिन्यातली तीर्थन आठवली. हिमाचलमधली नदी, ब्रिटिशांनी आणलेले ब्राउन ट्राउट मासे, गळाने मासेमारीचं लायसन्स काढलं, गाइड घेतला आणि तीन दिवसात मासे शून्य. चहूकडे पाण्यावर मासे वर येतायत, मी पंख उभारलेली सुंदर ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारा किड्याच्या रूपाचा गळ, त्यांच्या डोक्यावर टाकतोय आणि एकजण ढुंकून बघत नाही. गाइड म्हणाला होता, "साब, नाक दिखी या पीठ?" मी आपली मान डोलावली, कळलं काहीच नाही.

हा मेफ्लाय आयुष्याचा बराचसा काळ पाण्याखाली असतो, दगडांना नाहीतर वनस्पतींना धरून, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले, आणि तेव्हा शेपट्या बहुतेक तीन. मोठा झाला की वर येतो आणि पाण्याच्या अगदी सायीखाली अडकतो, कातडी फाटतेय पण पंख मोकळे नाहीत, धड पोहता येत नाही धड उडता येत नाही. माशाला यापेक्षा सोपा घास कुठला! तो मासा खालच्या खाली घास घेतो, म्हणून दिसते ती पाठ. नाक दिसलं असतं तर वर बसलेला किडा खातोय असं समजायचं. म्हणजे मी तीन दिवस चुकीच्या मजल्यावर बेल वाजवत होतो.

एक किडा माझ्या बाहीवर येऊन बसला, पंख धुरकट, दुधाळ. मोबाइलचा टॉर्च लावून बसलो. बऱ्याच वेळाने पाठीवर चीर पडली आणि त्याच पंखांतून दुसरे पंख निघाले, काचेसारखे स्वच्छ! पंख फुटल्यावर परत कात टाकणारा कीटकांमध्ये हा एकटाच. नर होता तो, डोक्यावर डोळ्यांची दुसरी जोडी फेटा बांधल्यासारखी, वर उडणारी मादी दिसावी म्हणून. तोंड मात्र नावालाच, आता खाणंपिणं बंद. बाहीवर पांढरी पोकळ कात राहिली, फुंकर मारायचं धाडस झालं नाही.

मग बांधाच्या कडेला गेलो. पाण्यावर छोटी छोटी वर्तुळं उमटत होती, कसले मासे होते कोण जाणे, ट्राउट तर नक्कीच नव्हते, त्यांना थंड पाणी लागतं आणि आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी चटका देतं. वाकून नीट बघितलं. पाठ. परत पाठ.

"चल की बे आता," मागून मित्र म्हणाला. ओल्या फडक्याने बॉनेट पुसून झालं होतं त्याचं.