क्रीम आयशॅडो आणि पापणीची घडी
गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला मावसबहिणीच्या लग्नात मी तांबूस सोनेरी रंगाची क्रीम आयशॅडो लावली होती. मंगलाष्टका होईपर्यंत ती जागेवर होती. पंगतीला बसले तेव्हा मात्र दोन्ही पापण्यांच्या घडीत तिची एकेक जाड रेघ जमली होती आणि बाकीची पापणी जवळजवळ कोरी पडली होती. तेव्हा मी कोकणातल्या दमट उकाड्यावर खापर फोडले, पण पुढे एका रविवारी आरशासमोर बसून सावकाश लावून पाहिली, तेव्हा उकाड्यापेक्षा माझ्या बोटाचा दोष मोठा होता हे कळले.

क्रीम आयशॅडोमध्ये रंगद्रव्ये आणि अभ्रकाची चमक ही मेण, तेल किंवा सिलिकोन यांत कालवलेली असते. जास्त वेळ टिकणाऱ्या बऱ्याच प्रकारांत लवकर उडून जाणारा एक द्रवही असतो. तो उडाला की रंगाचा पातळ पापुद्रा पापणीवर धरून राहतो. थर जाड असला, तर वरून तो वाळल्यासारखा दिसतो, पण आत ओलाच असतो. पापणी मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा लवते, आणि दर वेळी तिची घडी त्या ओल्या थराला चिमटीत धरते. त्यात त्वचेचे तेल आणि घाम मिसळला की रेघ जमायला वेळ लागत नाही.

म्हणून आता मी मसुराच्या अर्ध्या दाण्याएवढीच क्रीम घेते, आणि तीही आधी हाताच्या पाठीवर टेकवून अनामिकेने थोडी पसरून घेते. अनामिकेचा दाब आपोआप हलका पडतो आणि बोटाच्या उबेने मेण मऊ होते. पापणीच्या मधोमध, केसांच्या मुळाशी पहिला ठिपका ठेवून तिथून बाहेर आणि वर थोपटत जायचे. बोट घासले, तर आधी लावलेला रंगच निघून येतो. वरची कड मात्र लगेच विरघळवून घ्यावी लागते, कारण एकदा वाळलेली कड ओढायला गेले की तिचे कपटे सुटतात. याच कारणासाठी एक डोळा पूर्ण केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. त्यानंतर अर्धा मिनिट नजर खाली ठेवून थांबायचे. हे अर्धे मिनिट मला सगळ्यात जड जाते, कारण नेमके तेव्हाच कोणीतरी हाक मारते आणि आपण डोळे मोठे करून वर बघतो.

रंग गडद हवा असेल तर पहिला थर वाळल्यावर दुसरा फक्त मध्यभागी द्यावा. घडीवर बारीक ब्रशने किंचित पावडर दाबून बसवली की पुरे. सगळ्या पापणीवर पावडर फिरवली तर क्रीमची ओलसर चमक मरते, आणि मग पावडर आयशॅडोच का लावली नाही, असे वाटते. दोन्ही वापरायच्या असतील तर क्रीम आधी आणि पावडर नंतर, उलट केल्यास गोळे होतात.

प्रायमरशिवाय, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून आयशॅडोआधी पापणीवर लावायच्या थराशिवाय, हे जमतच नाही, असे अनेकजणी सांगतात. मला ते सरसकट पटत नाही. पापण्या तेलकट असतील तर तो जरूर लावावा, पण कोरड्या पापणीवर पातळ थर स्वतःच्या बळावर चांगला टिकतो. लग्नाच्या सकाळी मी डोळ्यांभोवती त्वचेचे मॉइश्चरायझर क्रीम भरपूर चोळले होते, आणि त्या स्निग्ध पापणीवर कोणताही प्रायमर फारसा तग धरू शकला नसता. आता मी आधी पापण्या टिश्यूने टिपून घेते.

उतरवताना खोबरेल तेलाचा कापूस मिटलेल्या डोळ्यावर थोडा वेळ नुसता धरून ठेवावा, म्हणजे घासावे लागत नाही.

डबीचे झाकण मात्र लगेच घट्ट लावावे, कारण पापणीवरून उडणारा तोच द्रव डबीतूनही उडत असतो. लग्नाच्या गडबडीत माझ्या डबीचे झाकण अर्धवट बसले होते. महिन्याभराने पाहिले, तर आतली वडी आक्रसून कडेपासून सुटली होती, आणि डबी हलवली की खुळखुळ वाजत होती.